चौसष्ट काड्या

यंदा वाल तीन आठवडे उशिरा आला. भात निघाल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर वाल होतो. गेल्या वर्षी पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, ओल हटेना, पेरणीच मागे गेली. शेंगा वाळेपर्यंत एप्रिल उजाडला. पेणकडचा आणि उरणच्या गावांतला माल टेम्पोतून जासईला उतरला तेव्हा गोटीराम घरतच्या शेडमध्ये, खांबाला टांगलेल्या मीटरवर, तापमान छत्तीस आणि आर्द्रता पासष्ट दिसत होती. अशा हवेत वालाचा भुंगा झपाट्यानं वाढतो.

शेड गावाच्या कडेला होती. पुढून रस्ता, त्यावरून कंटेनर लादलेले ट्रेलर बंदराकडे जात. मागे खाडीचा बांध. बांधापलीकडे पूर्वी मिठागर होतं. आता तिथं एकावर एक पाच असे कंटेनर रचलेले असत. गोटीरामची जमीन केव्हाच संपादनात गेली होती. राहिला होता घरामागचा हा तुकडा आणि त्यावरची पत्र्याची शेड. मुलगा कुंदन कंटेनरच्या यार्डात कामाला होता. शेडचं काम घरातल्या दोघी बघत, गोटीरामची बायको सगुणा आणि सून रंजिता. त्यांच्या हाताखाली गावातल्या दहा बाया. कडधान्य चाळायचं, निवडायचं, गोणीत भरायचं.

"दोनशे गोण्या. गोणीत पंचवीस किलो," शहाजी म्हणाला. शहाजी निकम मूळचा खटावचा. वाशीच्या घाऊक बाजारात त्याचा कडधान्याचा गाळा होता. "मॉरिशसला चाललाय माल. तपासणीला सरकारी मॅडम येतील. त्यांनी पास केला की गोळ्यांची धुरी, मग सर्टिफिकेट, मग बोट. हा लॉट पास झाला तर मोसमभराचं काम हितंच. न्हाई झाला तर मी माल वाशीला नेणार. तिथं मशीन हाय, बटन दाबलं की झालं."

"बटान दाबाला तरी बाय लागल नं?" शेजारची सरस्वती म्हणाली.

"एक लागते. तुम्ही बारा हाय."

बाया हसल्या, पण थोड्याच. शहाजीनं खिशातून एक कागद काढून रंजिताकडे दिला. रंजिता बारावी झालेली. तिनं तो मोठ्यानं वाचला. जिवंत कीड नको. दाण्यावर अंडी नकोत, भोक नको. माती नको, खडा नको. पानं, काड्या, शेंगेचं टरफल, तणाचं बी, काहीही नको. गोण्या नव्या हव्यात. काम करणाऱ्यांनी डोक्यावर टोपी घालावी.

"टोपी?" सरस्वती म्हणाली. "आता या वयान टोपी घालून बसू?"

"वाल खाताना मॉरिशसच्या बाईला तुझा केस सापडला तर ती हितं येईल विचारायला," रंजिता म्हणाली.

सगुणानं टोपी उचलली. ती साठीची, हाडानं रुंद. लहानपणी मिठागरात टोपल्या वाहिलेल्या, त्यामुळे मान किंचित पुढे. तिनं टोपी घातली, ती कानांपर्यंत आली, आणि ती सुपाजवळ जाऊन बसली.

काम पहाटे सहाला सुरू होई, कारण अकरानंतर पत्रा तापत असे. आधी मोठ्या भोकांची चाळण, तिच्यात काड्या वर राहत. मग बारीक चाळण, तिच्यातून माती आणि तणाचं बी खाली जाई. मग सूप. मग हातानं निवड, आणि खरं काम तेच होतं. वालाचा भुंगा दाण्याच्या आतच वाढतो. मादी दाण्यावर अंडं चिकटवते, ते खसखशीहून लहान आणि पांढरं असतं. अळी दाणा पोखरत आत राहते आणि भुंगा होऊन बाहेर पडताना गोल झाकण कापून निघते. बाहेर पडलेल्याचं भोक दिसतं. आत असलेल्याचं दिसत नाही, पण साल तिथं पातळ होते आणि अंगठ्याखाली दबते. सगुणाचा अंगठा असे दाणे न बघता बाजूला करी. तासाला ती बारा किलो निवडायची. सरस्वती दहा. रंजिता सात, पण गोण्या भरणं, वजन करणं, शिलाई मशीननं तोंड शिवणं हे तिच्याकडे होतं.

रस्त्याची धूळ हा रोजचा त्रास होता. ट्रेलर गेला की उन्हात लाल पडदा उभा राही. रंजितानं शेडच्या तोंडाला ओले बारदान टांगले होते. ते तासाभरात वाळत आणि पुन्हा भिजवावे लागत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला घरी गेल्या. सगुणा शेडमध्ये एकटी होती. भरलेल्या गोण्यांच्या थप्पीजवळ, खांबावर, तिला एक भुंगा दिसला. तपकिरी, तिळाएवढा. तिनं तो अंगठ्यानं चिरडला. मग ती थप्पीभोवती फिरली, दुसरा सापडला नाही. पण एक दिसला याचा अर्थ एकच आहे असा होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तपासणीला पाच दिवस होते, गोळ्यांची धुरी देणारा माणूस त्यानंतर तीन दिवसांनी येणार होता. आठ दिवस वाल तसाच राहणार.

घरतांच्या घरात कणगीत वाल भरताना निरगुडी घालायची पद्धत होती, आणि ती घालायची घरातल्या थोरल्या बाईनं. एका मापाला एक डहाळी. डहाळीची सावलीत वाळलेली पानं ओरबाडून मापात टाकायची आणि उघडी काडी जुडीत बांधून ठेवायची. पुढे वर्षभरात एक माप उघडलं की एक काडी चुलीत जाई. जुडीकडे बघून घरात किती वाल शिल्लक आहे ते कळे. सासूनं सगुणाच्या हातात पहिली डहाळी दिली तेव्हा कुंदन पोटात होता. तेव्हापासून घरतांच्या कणगीला भुंगा लागला नव्हता.

निरगुडी घरात होतीच. गोटीरामचे गुडघे सुजत, त्यावर बांधायला ती बांधावरून आणून माळ्यावर वाळत घातलेली असे. सगुणानं ती सगळी खाली काढली. दाभणानं गोणीचा एक कोपरा उसवायचा, एका डहाळीची पानं आत सारायची, हात कोपरापर्यंत घालून ढवळायची, आणि सुतळीनं कोपरा परत शिवायचा. तिचा टाका मिठागरातला होता, दोन फेरे आणि गाठ आतून. हलवताना मीठ सांडू नये म्हणून तसा घालायचा. त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी मिळून तिनं भरलेल्या गोण्यांपैकी जमतील तेवढ्या केल्या. पुढच्या गोण्यांना पुरेल इतकी निरगुडी उरली नव्हती. काड्यांची जुडी तिनं परसातल्या चुलीमागे खोचून ठेवली. रंजिताला सांगायचं तिला सुचलं नाही. दरवर्षी कणगी भरताना तरी ती कुणाला कुठं सांगत होती.

शुक्रवारी रंजिताला थप्पीतल्या एका गोणीचा कोपरा सैल दिसला. मशीनचा टाका सुटला असेल असं समजून तिनं लोंबणारी सुतळी कापली, कोपऱ्यावरून पुन्हा मशीन फिरवली आणि ती गोणी नव्या थप्पीवर टाकली. शनिवारी दोनशे गोण्या पूर्ण झाल्या.

सोमवारी अक्षता वैद्य आली. ती खांदेश्वरला राहणारी, तिशीची, वनस्पती संगरोध खात्यात, म्हणजे मालाबरोबर कीड-रोग जाऊ नये हे बघणाऱ्या खात्यात, अधिकारी. खांद्यावरच्या पिशवीत चाळण्या, भिंग, टॉर्च आणि परखी. परखी म्हणजे टोकदार पोकळ लोखंडी नळी. गोणीत खुपसली की मूठभर दाणे बाहेर येतात. तिनं थप्प्यांभोवती टॉर्च मारला, कोपरे पाहिले, छताच्या कैच्या पाहिल्या. मग दर दहातली एक अशा वीस गोण्यांवर खडूनं खुणा केल्या.

"बाहेरून स्वच्छ आहे," ती म्हणाली. शहाजीनं रंजिताकडे बघून मान हलवली.

सहा गोण्यांचे दाणे पांढऱ्या ट्रेमध्ये पडले, चाळले गेले, भिंगाखाली गेले. काही नव्हतं. सातव्या गोणीच्या दाण्यांत एक पान होतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा. अक्षतानं तो चिमट्यानं उचलला, उलटा केला.

"हे वालाचं पान नाही."

"वाऱ्यानं आलं असंल," शहाजी म्हणाला.

"वालाचं पान रुंद असतं. हे निमुळतं आहे, खालून पांढुरकं आहे. आणि एक नाही." तिनं ट्रे हलवला. आणखी दोन तुकडे वर आले. तिनं ते नाकाशी नेले. पुढच्या तीन गोण्यांत काही नव्हतं. अकराव्या गोणीत पुन्हा पान होतं.

उकाड्यानं तिचा चष्मा सारखा घसरत होता. ती पाणी प्यायला घराच्या ओट्यावर आली. तिथं गोटीराम पाय लांब करून बसला होता. गुडघ्याला फडक्यानं पाला बांधलेला, फडक्याच्या कडेनं पानं बाहेर आलेली. अक्षतानं तांब्या खाली ठेवला.

"आजोबा, गुडघ्याला काय बांधलंय?"

"निरगुडी. सूज उतरतं, बाय. तुमाला पायजे काय?"

"कुठून आणता?"

"बांधावरशी. बायको आनतं माजी. यंदा मोप आनलीवती, पन आता एवराच पाला रायला, माल्यावर एक पान नाय. कुठं गेली काय म्हाईत."

अक्षता शेडमध्ये परतली तेव्हा बाया उभ्या राहिल्या होत्या. तिनं चिमट्यातला तुकडा वर धरला. "निरगुडी आहे. कुणी घातली?"

ट्रेलर गेला. तो पूर्ण जाईपर्यंत कुणालाच बोलता आलं नाही.

"मी घातली," सगुणा म्हणाली.

"मावशी," शहाजी म्हणाला. मग, "तुमाला वाचून दावलं होतं ना कागदात? पान नको, काडी नको."

"ती वालाची. शेंगंचा कचरा. ही दवा हाय." सगुणा त्याच्याशी नव्हे, अक्षताशी बोलत होती. "भुंगा दिसला मना. तुमचा गोल्यावाला आठ दिसांनी येनार. तवर कोन बघनार वालाकरं? तुमी गोल्या घालतांव, त्याला कोन कचरा बोलत नाय."

"गोळीचा वायू होतो आणि उडून जातो," अक्षता म्हणाली. "पान मालासोबत जातं. निरगुडीनं भुंगा कमी होतो हे खरं आहे, त्यावर प्रयोग झालेत. पण ते पान बांधावरून आलं. त्याच्यावर कसली बुरशी, कसली अंडी चिकटून गेली ते तिकडच्यांना माहीत नसतं. म्हणून ते कुठलंच पान घेत नाहीत. औषधी असलं तरी."

सगुणानं ऐकलं. ते तिला पटलं का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"किती गोण्यांत आहे?"

"साठेक असतील."

"कुठल्या, सांगता येईल?"

सगुणानं जवळच्या गोणीचा कोपरा वळवून दाखवला. बाकीची शिवण मशीनची, सरळ. कोपऱ्यात बोटभर हाताचा टाका, दोन फेऱ्यांचा. अक्षता तो टाका भिंगातून पाहत राहिली. त्या कामाला भिंगाची काहीच गरज नव्हती.

"ह्या सगळ्या वेगळ्या काढा, रिकाम्या करा, पुन्हा चाळा. मी परवा अकराला येते," ती म्हणाली. "पुन्हा पान सापडलं तर अख्खा लॉट नाकारावा लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

ती गेल्यावर शहाजीनं खडू घेऊन टाके बघत गोण्या मोजल्या. त्रेसष्ट भरल्या.

"गुरुवारी धुरीवाला येतोय, बोटीची जागा धरलीय," तो रंजिताला म्हणाला. सगुणा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "ह्यांना गोणी शिवायला बसवू नका."

मंगळवारी पहाटे पाचलाच बाया आल्या. त्रेसष्ट गोण्या म्हणजे पावणेसोळाशे किलो, आणि दिवस एकच. वाळलेलं पान सुपात दाण्यांबरोबर उसळतं आणि चुरा होऊन दाण्याला चिकटतं. त्यामुळे प्रत्येक गोणी दोनदा चाळावी लागली, मग कोरड्या फडक्यावर घोळवावी लागली.

"सगुनाबाय पाला घालनार नि आमी येचनार," सरस्वती म्हणाली.

"मॉरिशसवाल्यांचं गुडघं दुखत असतील," दुसरी म्हणाली. "त्यांचा इचार करून घातली."

"तसा नाय, गोटीरामदादाचं गुडघं बरं जालं म्हनून उरलेली घातली."

टोप्यांखाली बाया हसल्या. सगुणा दाराशी, धूळ जास्त येते त्या जागी चाळण घेऊन बसली होती. दाभण रंजिताच्या मशीनशेजारी पडलं होतं. दहाच्या सुमारास सगुणाच्या डाव्या मनगटाला सूज आली, तेव्हा तिनं चाळण उजव्या मांडीवर घेतली. अकरा वाजले, पत्रा तापला, बाया थांबल्या नाहीत. संध्याकाळी साडेपाचला शेवटची गोणी मशीनखाली गेली.

सगुणा परसात आली. अंघोळीचं पाणी तापवायचं होतं. चुलीमागची जुडी तिनं काढली. गोण्या उघडल्या होत्या, म्हणजे काड्या जाळायला हव्या होत्या. तिनं एकेक काडी जाळात टाकायला सुरुवात केली, तोंडानं पुटपुटत. त्रेसष्ट झाल्या तेव्हा हातात एक काडी राहिली.

तिनं चुलीभोवती पाहिलं, एखादी दोनदा मोजली असेल का याचा विचार केला. मग ती काडी घेऊन आत गेली.

"रंजिता, गोन्या कती होत्या?"

"त्रेसष्ट."

"चौसष्ट पायजेत."

रंजिता भाकरीचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले. शुक्रवार, सैल कोपरा, लोंबणारी सुतळी. तिला सगळं एकदम आठवलं. तिनं ते सांगितलं, पिठाकडे बघत.

"कंची गोन?"

"आता काय माहीत. नव्या थप्पीवर टाकली. त्या थप्पीवरून आणखी दोनदा हलवल्यात." रंजितानं हात परातीत पुसले. "आये, उद्या गप्प बस."

सगुणानं काडी फळीवर ठेवली.

"एकशे सदतीस गोण्यांत एक आहे. मॅडम दहातली एक बघते. सापडायची नाही."

"नि तिकरं?"

"तिकडं कोण बघतंय."

"हितं बघतान तं तिकरं पन बघतील."

"अकरा घरांचं काम हाय, आये. एका पानासाठी."

"मना ठावं हाय कती घरांचा हाय."

खाटेवरून गोटीराम म्हणाला, "सांगलास तं काम जाल. नाय सांगलास तं कदाचित जाल."

"तुमी झोपा," सगुणा म्हणाली. जेवणाला अजून वेळ होता. तो गुडघे धरून पडून राहिला.

बुधवारी अक्षता अकराला दहा मिनिटं असतानाच आली. त्रेसष्टांपैकी तीस गोण्यांना तिनं परखी लावली. पान नाही, चुरा नाही, भुंगा नाही. मग उरलेल्या थप्प्यांतल्या चौदा. काही नाही. पावणेबाराला तिनं फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. शहाजीनं मोबाइल काढून धुरीवाल्याचा नंबर लावायला घेतला. रंजिता सगुणाकडे बघत नव्हती.

"बाय, एक रायली," सगुणा म्हणाली.

अक्षतानं मान वर केली.

"चौसष्ट होत्या. त्रेसष्ट गावल्या." सगुणानं कमरेला खोचलेली काडी काढून तिच्यापुढे धरली. काडीचा हिशेब तिनं चार वाक्यांत सांगितला. चौसष्टावी गोणी मशीनखाली का गेली ते तिनं सांगितलं नाही. ते रंजितानं सांगितलं.

शहाजी मोबाइल खिशात घालून शेडबाहेर गेला आणि बारदानाच्या पलीकडे उभा राहिला. बाया सगुणाकडे बघत होत्या. सरस्वतीनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"एकशे सदतीस गोण्या उघडून चाळायला किती दिवस लागतील?" अक्षतानं विचारलं.

"तीन," रंजिता म्हणाली. "धुरी उद्या आहे."

अक्षतानं टोपण लावलं. "मला कळलंय, आता मी सही करू शकत नाही."

"परखी लावून मूठ काढ," सगुणा म्हणाली. "हरेक गोनीची. मना दे. मी वास घेतं."

"वास हा तपासणीचा निकष नाही."

"नसल. गोन तं गावल."

अक्षता काही वेळ काडी बोटांत फिरवत होती. मग म्हणाली, "प्रत्येक मूठ मी चाळणार. तुम्ही दाखवाल ती गोणी पूर्ण उघडणार. एवढं करता येईल." तिनं घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं एकीला. पाच वाजतील."

नव्या तागाच्या गोणीला तेलाचा वास असतो, रॉकेलसारखा. तो नाकात बसला की बाकी काही कळत नाही. म्हणून दर दहा गोण्यांनंतर सगुणा उठून मागच्या दारानं बांधाकडे जाई, खाडीवरून येणारी हवा घेई आणि परत येई. उठताना एक हात जमिनीवर आणि एक गुडघ्यावर. अक्षता परखी खुपसे, ओंजळीत दाणे पाडे, सगुणा नाक आत घालून डोळे मिटे आणि मान हलवी. मग दाणे चाळणीत, ट्रेमध्ये. रंजिता क्रमांक लिहीत होती. बायांना करण्यासारखं काही नव्हतं, त्या भिंतीला टेकून बसल्या. तीनच्या सुमारास सगुणाच्या नाकाला तागाची बारीक कुसळं लागून ती शिंकत राहिली. तोंड धुऊन परत आली तेव्हा टोपी ओली होती.

अठ्ठ्याऐंशीव्या मुठीवर ती थांबली. पुन्हा वास घेतला.

"ही."

रंजितानं तोंड उसवलं. पंचवीस किलो वाल ताडपत्रीवर ओतला गेला. सरस्वती धरून चौघी त्याच्यावर वाकल्या. पान नव्हतं. चाळला. चुरासुद्धा नव्हता. बारदान बाजूला करून शहाजी आत आला, त्यानं पाहिलं, आणि पुन्हा बाहेर गेला.

"म्हतारीचा नाक गेला," भिंतीजवळून कुणीतरी हळू म्हणालं. सगुणानं ते ऐकलं. ती पुढच्या गोणीपाशी सरकली.

एकशे एकविसावी. तिनं मूठ दोनदा नाकाशी नेली, तिसऱ्यांदा नेली. "ही पन बघ. ठाम नाय मी."

ही गोणी ओतली. वरचा निम्मा वाल स्वच्छ होता. तळाचा ढीग पसरला तेव्हा तिथं पानं होती. आठ-दहा, काही अख्खी. ढवळताना हात नीट पोचला नव्हता, म्हणून ती एकाच जागी राहिली होती. अक्षतानं एक पान पाकिटात ठेवलं. उरलेल्या सोळा गोण्यांच्या मुठी तिनं तरीही काढल्या, सगुणानं तरीही वास घेतला.

पाच वाजून वीस मिनिटांनी अक्षतानं एकशे अठ्ठ्याण्णव गोण्यांचा अहवाल लिहिला. दोन गोण्या बाजूला, निर्यातीसाठी नाहीत. अठ्ठ्याऐंशीव्या गोणीत वास का होता हे तिला कळलं नव्हतं. स्वतःच्या वहीत तिनं तसंच लिहिलं, आणि खाली एक प्रश्नचिन्ह काढलं. जाताना ती सगुणाला म्हणाली, "काडी मी ठेवून घेऊ?"

"नको," सगुणा म्हणाली. "ती मना लागल."

गुरुवारी थप्पीवर ताडपत्री चढली, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या ठेवून ती दाबली गेली, शेडला धोक्याची पाटी लागली आणि पाच दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. मंगळवारी ताडपत्री काढून शेड वाऱ्याला उघडी टाकली. बुधवारी दुपारी ट्रक भरला. शहाजी स्वतः आला होता. ट्रक गेल्यावर तो आणि रंजिता रस्त्याच्या कडेला पाच-सात मिनिटं बोलत उभे राहिले. मग तो वाशीला गेला.

सगुणा परसात होती. बाजूला काढलेल्या दोन गोण्या घरात आल्या होत्या. पान निघालेली तिनं उघडली होती, माप भरून वाल सोमवारी भिजत घातला होता, मंगळवारी फडक्यात बांधला होता. आता मोड आलेला वाल कोमट पाण्यात टाकून ती सोलत होती. अंगठा आणि बोट दाबलं की दाणा सालीतून सुळकन निसटतो. साली एका बाजूला, बिरडं एका बाजूला.

रंजिता समोर येऊन उकिडवी बसली.

"सोमवारी दुसरा लॉट येतोय. चारशे गोण्या."

"बरा."

"सगळ्या बाया तशाच राहतील. मशीनचं सध्या नाही म्हणाले."

"मंग तोंड का असा केलास?"

रंजितानं परातीतले चार दाणे उचलले, पण सोलले नाहीत. "शहाजीभाऊ म्हणाले, काम इथंच राहील, पण मावशी शेडमध्ये नकोत. लिहून नाही दिलं. तसंच म्हणाले."

सगुणा सोलत राहिली. रस्त्यावरून एक रिकामा ट्रेलर गेला, त्याच्या साखळ्या खडखडत होत्या.

"तू काय बोललीस?"

"मी हो म्हटलं."

"बराच केलास."

परात अर्धी झाली. रंजितानं हातातले दाणे सोलायला घेतले. तिचं नख दाण्यात घुसत होतं आणि डाळिंब्या फुटत होत्या. सगुणानं तिचा हात धरून अंगठा थोडा मागे सरकवला, मग सोडला.

"मी आत नाय येनार," सगुणा म्हणाली. "पन गोन भरलीस नं, का तोंड शिवाच्या आदी मूठभर भायेर आन. मी ओट्यावर बसतं."

"चारशे गोण्यांची?"

"मंग काय झाला. मना दुसरा काय काम हाय?"

रंजिता परातीवर वाकली. तिनं पुढचा दाणा दाबला, तो अख्खा निसटून परातीबाहेर गेला. तिनं तो उचलून पुसला आणि परातीत टाकला.

सोलून झाल्यावर सगुणानं साली केळीच्या बुंध्याशी ओतल्या. चुलीवर बिरड्याचं पातेलं चढवलं, आणि फळीवरची काडी आणून जाळात सारली.